दोन ठोके

आमच्या ह्यांना डेपोत सगळे ‘ठोक्या’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मागे म्हणायचे, साहेब म्हणायचे आणि नवा लागलेला क्लीनरसुद्धा दुसऱ्या आठवड्यात धीट होऊन म्हणायला लागायचा. नाव पडलं ते टायर ठोकण्यावरून. गाडी बाहेर काढण्याआधी हातभर लाकडी दांडका घेऊन गाडीभोवती फेरी मारायची, प्रत्येक टायरवर एक ठोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं. हवा बरोबर असेल तर टायर टणटणीत बोलतो, कमी असेल तर पांघरुणात तोंड घालून बोलल्यासारखा बोलतो, असं ह्यांचं म्हणणं. बाकीचे ड्रायव्हर हे काम सकाळी एकदा उरकायचे. हे प्रत्येक थांब्यावर करायचे. गाडी चहाला थांबली की प्रवासी चहाकडे आणि हे टायरांकडे.

फेरी संपली की मागच्या पत्र्यावर तळहाताने दोन ठोके. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. ही डेपोची भाषा होती. कंडक्टर, क्लीनर, मेकॅनिक सगळे तीच बोलायचे. पण गाडी चालवणार हेच, मग स्वतःलाच ‘जाऊ दे’ कशाला सांगायचं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “मला नाही सांगत. गाडीला सांगतो.”

ही भाषा घरातही आली. कलिंगड ठोकून आणायचे ते ठीक, पण सिलिंडर ठोकायचे, नव्या घराच्या भिंती ठोकायचे, कपाट विकत घेताना दुकानदाराला घाम फुटेपर्यंत ठोकायचे. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा ह्यांनी प्रेमाने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की कपातला चहा बशीत आला. मग आत येऊन मला हळूच म्हणाले, “भरीव आहे.” लग्न ठरलं. आणि रोज सकाळी कामावर निघताना जेवणाच्या टेबलावर दोन ठोके. ‘येतो’ असं हा माणूस कधी म्हणालाच नाही. दोन ठोके ऐकू आले की मी स्वयंपाकघरातून “हं” म्हणायची, झाला निरोप.

मी इस्पितळाच्या कपडेघरात होते. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. धुऊन आलेले तपासायचे, फाटलेले शिवायचे, घड्या घालून कपाटात लावायचे. जन्म चादरींत गेल्यामुळे मी माणसांची पारख चादरीवरून करते. ज्या घरात पलंगावरच्या चादरीचा कोपरा नीट खोचलेला असतो, तिथे मी निर्धास्त चहा पिते. ह्यांना चादरींतलं काही कळत नाही आणि मला टायरांतलं, म्हणून आमचा संसार बरा झाला.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला फिरायला नेलं. फिरायला कसलं, त्यांचीच नेहमीची फेरी होती. मी आपली तिकीट काढून त्यांच्या मागच्या सीटवर. घाट सुरू झाला आणि मला गाढ झोप लागली. नवी नवरी, नवे कपडे, आणि तोंड उघडं टाकून घोरतेय. जाग आली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र खूश. डेपोभर सांगत सुटले, “बायको घाटात झोपली!” त्यांच्या लेखी ह्याहून मोठी शाबासकी नव्हती. तेव्हापासून मला कुठल्याही बसमध्ये झोप येते, आणि ती पुढे कशी अंगाशी आली ते सांगतेच.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली असताना डोळ्याचं निघालं. दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी ह्यांना एका यंत्रासमोर बसवलं, तर कडेला लुकलुकणारे दिवे उजव्या डोळ्याला दिसेचनात. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. “मी समोर बघूनच चालवतो हो,” हे म्हणाले. डॉक्टर भला माणूस होता, त्याने वाद घातला नाही. त्या दिवसापासून स्टिअरिंग सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखे तयार होऊन टेबलाशी आले. मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी होते. एक ठोका ऐकला आणि ‘हं’ म्हणायला तोंड उघडलं. दुसरा ठोका आलाच नाही. वळून पाहिलं तर हात टेबलावर तसाच, मूठ मिटलेली. मग हे म्हणाले, “येतो.” मला इतकं परकं वाटलं ते, की दूध उतू गेलं.

डेपोने ह्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. जाड काच, काचेला गोल भोक, भोकातून लोक विचारणार अमुक गाडी कधी आहे आणि हे सांगणार. खिडकीतून गाड्यांची टपं दिसायची, टायर दिसायचे नाहीत, कारण मध्ये कठडा होता. हे बोलायचे सगळ्यांशी नीट, कुणावर कधी खेकसले नाहीत. पण घरी आले की खिडकी घेऊनच यायचे. आम्ही अलीकडे, हे काचेपलीकडे. पुढे निवृत्त झाले आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसायला लागले. बस म्हणून कुठल्या बसमध्ये चढले नाहीत. कुठे जायचं तर चालत, नाहीतर जायचंच नाही. घरात ठोका ऐकू यायचा बंद झाला. कलिंगडसुद्धा आणायचे ते दुकानदार देईल ते, आणि ते हमखास पांढरं निघायचं.

मला माझा नवरा परत हवा होता. बाकी काही नाही. माणूस डोळ्यांदेखत खुर्चीत बसलेला असताना त्याची आठवण येते, ह्याचा मला फार राग यायचा.

लेक आणि जावई लग्नानंतर पाठीवर पिशव्या टाकून परदेशात भटकून आले होते. त्या पिशव्या आमच्या माळ्यावर पडून होत्या. मी निवृत्त झाले तेव्हा लेक म्हणाली, “आई, तुम्ही दोघं जा ना. अगदी आमच्यासारखे. टूर नको, गाईड नको. जिथे आवडेल तिथे राहायचं, कंटाळा आला की पुढे जायचं.” ती सहज बोलून गेली, पण मी मनावर घेतलं. पिशव्या खाली काढल्या, उन्हात घातल्या, उसवलेला एक पट्टा शिवून टाकला.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पिशव्या बघून म्हणाल्या, “वहिनी, या वयात पाठीला दप्तर? शाळेत नाव घालताय की काय?”

“तुमच्या भावाचं घालतेय,” मी म्हटलं. “तुम्ही डबा करून द्या.”

हे आधी नाहीच म्हणाले. मग लेकीने आग्रह केला, जावयाने केला, मी तर हट्टच धरला, तेव्हा कंटाळून हो म्हणाले. पण दोन अटी घातल्या. एक, बसने जायचं नाही. दुसरी, काहीही गडबड झाली की तिथून परत फिरायचं. “गडबड म्हणजे गडबड. मग ‘अजून एक गाव बघू या’ असं चालायचं नाही.” मी कबूल केलं. त्यांना गडबड लवकरात लवकर व्हायला हवी आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मीही कपडेघरातली बाई आहे. गडबड आवरण्यातच माझी नोकरी गेली.

परदेशातल्या पहिल्या गावात आमची खोली घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर होती. जिना इतका अरुंद की पाठीवरच्या पिशवीसकट मी अडकले. हे खालून ढकलतायत, घरमालकीण वरून हात धरून ओढतेय, आणि तिघांना एकमेकांची भाषा येत नसताना हसू मात्र बरोबर एका वेळी आलं. म्हणजे मला आणि मालकिणीला आलं. हे खालीच होते, त्यांचं तोंड मला दिसलं नाही. खोलीत दोन पलंग, एक खुर्ची, खिडकीखाली बेकरीचं मागचं अंगण. चादरीचे कोपरे चारही बाजूंनी असे खोचलेले की मला मालकिणीला मिठी मारावीशी वाटली.

हे त्या खुर्चीत बसले. गॅलरी सोडून इतक्या लांब आलो, तर इथेही खुर्ची! मी त्यांना रोज ओढून बाहेर काढायची. चढउताराचे दगडी रस्ते, भिंतीला टेकवलेल्या सायकली, पायऱ्यांवर पाणी टाकून झाडणाऱ्या बायका. लेकीने मोबाईलमध्ये रस्ता सांगणारी बाई घालून दिली होती. ती म्हणायची, डावीकडे वळा, आणि डावीकडे भिंत असायची. “हिने कधी गाडी चालवलीय का?” हे म्हणायचे. दिवसभरात तेवढंच एक वाक्य. मी त्यावरही खूश असायची, निदान काचेला भोक तरी आहे म्हणून.

एका गावातून दुसऱ्या गावात आम्ही रेल्वेने गेलो. मध्येच एका तळ्याकाठी उतरलो, कारण मला ते आवडलं. पाय दुखले, टाच सोलली, एकदा चुकीच्या फलाटावर बसून राहिलो. पण ह्यांनी ‘ही गडबड’ असं म्हणण्याच्या आत मी सगळं निस्तरून टाकायची. तळ्याच्या गावात एक लाँड्री होती. मोठ्या काचेआड एक बाई एकटीच पलंगाची मोठी चादर घडी करत होती. मोठी चादर एकटीने घडी करणं म्हणजे काय, हे मला विचारा. एक टोक हनुवटीखाली, दुसरं गुडघ्यात, आणि तिसरं हमखास जमिनीवर. मला राहवलं नाही. आत गेले आणि समोरची टोकं धरली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि काही न विचारता चादर ताणली. ताणायची, झटकायची, जवळ यायचं, टोकाला टोक, पुन्हा लांब जायचं. आम्ही ढीगभर चादरी संपवल्या. एक शब्द बोललो नाही. शेवटी तिने माझ्या गालाला हात लावला आणि मला भरून आलं.

हे बाहेर बाकावर बसून बघत होते. मी येऊन शेजारी बसले तेव्हा म्हणाले, “तुझं बरं आहे. तुझं काम तुझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही.”

मी त्यांचा हात हातात घेतला आणि आम्ही तळ्याकडे बघत बसून राहिलो.

मग रेल्वे संपली. म्हणजे रूळच संपले. पुढे डोंगर होता, आणि पलीकडच्या गावाला जायचं तर फक्त बस. स्टेशनबाहेरच तिचा थांबा होता. हे लगेच म्हणाले, “चला, फिरू या परत.”

“का?”

“रस्ता संपला.”

“रूळ संपले. रस्ता समोर आहे, वर चाललाय. ही गडबड नाही.”

“बसने जायचं नाही असं ठरलं होतं.”

“ठरलं होतं! तुम्ही ठरवलंत आणि मी ऐकलं,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, थांब्यावरचे लोक बघायला लागले होते. “डोळ्याने तुमचं स्टिअरिंग काढून घेतलं, कबूल. पण बसमध्ये बसायला डोळा कशाला लागतो? मी जन्मभर डोळे मिटूनच बसलेय!” एवढं बोलून मी पिशवी पाठीवर घेतली आणि बसमध्ये चढले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते. मागच्या पायरीवर त्यांचं पाऊल वाजलं तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.

बसची ड्रायव्हर बाई होती. आडव्या अंगाची, बाह्या वर सारलेल्या, केसांची घट्ट वेणी. हे तिच्याकडे न बघता थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि डोळे मिटून घेतले. त्या बाकावर आम्ही दोघंच होतो. गाडी निघाली. वळणं सुरू झाली. ह्यांचे डोळे मिटलेले, पण उजवा पाय जागा होता. प्रत्येक वळणाआधी तो जमिनीवर दाबला जायचा, आणि बरोबर त्याच वेळी पुढे त्या बाईचा ब्रेक लागायचा. मी ते बघत राहिले, आणि बघता बघता व्हायचं तेच झालं. मला झोप लागली.

पुढचं मी झोपेत होते, म्हणून ते ह्यांनी नंतर सांगितलं तसं सांगते.

खिंडीत गाडी थांबली. तिथे चहाची एक टपरी होती. सगळे उतरले, मी घोरत होते. पायाला मुंग्या आल्या म्हणून हेही उतरले. चहा नको होता. वारा होता, खाली दोन्ही बाजूंना दऱ्या. टपरीमागे सरपण रचलेलं होतं आणि वरच एक हातभर दांडकं होतं. “मी उचललं नाही गं,” हे म्हणाले. “ते हातात होतं.” पुढचा डावा टायर ठोकला. ऐकला. मग मागचे. मग वाकून आतले. आवाज आपल्याकडच्यापेक्षा जाड, पण टणटणीत. पलीकडून पुढे, पुन्हा मागे. तेवढ्यात लोक चढले, बाईने इंजिन सुरू केलं. हे गाडीच्या बरोबर मागे उभे. टायर सगळे ठीक. दांडकं जागेवर ठेवलं, हात झटकले आणि मागच्या पत्र्यावर तळहाताने दोन ठोके दिले.

गाडी निघून गेली.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? मी बघत होतो. गिअर छान टाकला तिने. वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा लक्षात आलं, की आपण आत नाही.”

इकडे मला एका खड्ड्याने जाग आली. मी ऐसपैस आडवी, पाय ह्यांच्या जागेवर. आधी वाटलं, पुढे जाऊन बसले असतील. उठून प्रत्येक बाक बघत गेले. एक मुलगी मांडीवर बाळ घेऊन, एक जाड चष्म्याचे गृहस्थ, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या दोघी बहिणी. हे नव्हते. पासपोर्ट माझ्या कमरेला, त्यांचा मोबाईल माझ्या पिशवीत. त्यांच्या खिशात एक कंगवा आणि रुमाल, तोंडात भाषा नाही, आणि उजव्या बाजूचं दिसत नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, आणि कुणाला कळण्यासारखं ते नव्हतंच. लोक माझ्याकडे नुसते बघायला लागले. इंजिन कण्हत होतं, ड्रायव्हर बाईला ऐकू जाईना. आणि मग मला शब्द सोडून दुसरं काही आठवलं. मी मूठ आवळली आणि बसच्या पत्र्यावर होता नव्हता तेवढा जोर लावून एक ठोका दिला. एकच.

बाईने गाडी जागच्या जागी थांबवली.

ती मागे आली. मी ओठावर बोटं फिरवून मिशी काढून दाखवली, रिकामा बाक दाखवला, मागचा रस्ता दाखवला. तिने कपाळाला हात लावला. हे मात्र सगळ्या जगात सारखंच असावं. रस्ता इतका अरुंद की गाडी वळवायची सोय नाही. तिने गाडी जराशी पुढे, रुंद जागेत नेऊन लावली, हॉर्नवर हात दाबून धरला आणि आवाज डोंगरात घुमवला. लोक उतरले. चष्म्याच्या गृहस्थांनी मला त्यांचा कोट पांघरायला दिला. भाजीवाल्या बहिणींपैकी एकीने माझी पाठ चोळायला सुरुवात केली. मी रडत होते आणि रडता रडता मनात हिशेब चालू होता, की झाली गडबड. आता हा माणूस म्हणणार, परत. आणि ह्या वेळी माझ्याकडे उत्तर नाही.

बऱ्याच वेळाने वरच्या वळणावरून दुधाच्या कॅनांची एक छोटी उघडी गाडी उतरत आली. टपरीवाला चालवत होता. मागे कॅनांच्या मध्ये, एका कॅनला मिठी मारून, आमचे हे. केस उभे राहिलेले, अंगभर धूळ. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच माझं डोकं फिरलं.

“अहो, कुठे गेला होतात? जीव जायची वेळ आली माझी! उतरलात ते उतरलात, सांगता नाही येत? गाडी निघाली तर ओरडता नाही येत?”

हे गाडीतून उतरले. उतरले आणि कॅनला धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कधीपासून ऐकलं नव्हतं मी ते हसणं.

“अगं ओरडू कसा?” हे म्हणाले. “मीच तर जाऊ दे म्हटलं!”

ड्रायव्हर बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. आता ती ह्यांना झापायला लागली. रागावलेल्या बाईची भाषा मला कुठलीही कळते. त्यात माझं काही वेगळं म्हणणं नव्हतं. हे तिचं सगळं शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी गाडीभोवती तिला फिरवलं, मुठीने प्रत्येक टायर ठोकल्याचं करून दाखवलं, कान देऊन ऐकल्याचं दाखवलं, हवेत स्टिअरिंग धरून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि शेवटी मागे जाऊन पत्र्यावर तळहात आपटला. एक. दोन.

बाईने टपरीवाल्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःच पत्र्यावर दोन ठोके मारले. म्हणजे सामानाचं दार लावून रोज दोन ठोके देणारा तो होता, आणि तिला वाटलं त्याचेच. टपरीवाला मान हलवत होता, मी नाही, मी नाही. आणि मग ती बाई अशी हसत सुटली की सगळी बस हसली. तिने ह्यांच्या पाठीवर एक थाप मारली. आमच्या जावयाची आठवण झाली मला.

गाडी निघताना तिने ह्यांना मागे जाऊ दिलं नाही. तिच्या शेजारी, पुढच्या काचेपाशी, घडीची एक सीट होती. ती खाली पाडून त्यावर बोट ठेवलं, बस इथे. हे बसले. सगळी उतरण मी त्या दोघांच्या मागे होते आणि जन्मात पहिल्यांदा बसमध्ये शेवटपर्यंत जागी होते. ती एका हाताने काहीतरी दाखवायची, खचलेली कड, दरड, समोरून येणारा ट्रक. हे मान डोलवायचे, मध्येच स्वतः काही सांगायचे, आपल्या भाषेत, सविस्तर. तिला काय कळत होतं देव जाणे, पण ती “हं” म्हणायची, अगदी माझ्यासारखं. ह्यांची मान ताठ होती. ती मान मी इतकी वर्षं मागच्या सीटवरून, झोप लागेपर्यंत, बघितलेली होती, आणि पुन्हा बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी रुमाल काढला आणि खुशाल रडले. चष्म्याचे गृहस्थ पुन्हा कोट देऊ लागले.

पलीकडच्या गावात आम्हाला शाळेसमोर खोली मिळाली. चादरीचे कोपरे ठीकठाक, फार नाही. हे जेवले आणि बसल्या जागी झोपले. गडबडीचं अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. पण कबूल केलेलं मी विसरले नव्हते, आणि तेही विसरणाऱ्यातले नाहीत. गाड्यांच्या वेळा वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवणारा माणूस, स्वतःची अट कशी विसरेल?

सकाळी शाळेची घंटा झाली. मी दोन्ही पिशव्या भरल्या, चादरी ओढून नीट खोचल्या. मालकिणीला वाटू नये, कुणीतरी गबाळं येऊन गेलं. मग पलंगाच्या कडेवर बसले. हे आरशासमोर त्यांचा तो कंगवा फिरवत होते.

“अहो,” मी म्हटलं. “गडबड झाली.”

“झाली,” हे म्हणाले.

“मोठी झाली.”

“तर. बायको पळवून नेली माझी एका बाईने.”

“थट्टा नको. तुमचं काय ते सांगा. शब्द दिलाय मी. परत म्हणालात तर आत्ता परत फिरू. मी कुरकुर करणार नाही.” मी मनापासून म्हणत होते. काल त्या घडीच्या सीटवर जे मिळालं, तेवढं घेऊनही मी घरी जायला तयार होते.

ह्यांनी कंगवा खिशात ठेवला. पिशवी उचलून पाठीवर घेतली, पट्टे ओढले. खोलीत मधोमध एक छोटं टेबल होतं, त्यावर पाण्याचा तांब्या. हे टेबलाशी गेले आणि माझ्याकडे बघितलं. मूठ मिटली. टेबलावर एक ठोका पडला.

मी तांब्याकडे बघत राहिले. आतलं पाणी हललं आणि हळूहळू थांबलं. बाहेर शाळेत पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. म्हटलं, बरं. थांबायचं तर थांबायचं. मी पिशवीकडे हात नेला.

तेव्हा मिशीतल्या मिशीत हसत, मुद्दाम मला ताटकळत ठेवून, ह्यांनी दुसरा ठोका दिला.

“हं,” मी म्हटलं.